दाढीचा साबण, पाक-नापाक आणि मोहन्यातलं एक दुकान

दाढीच्या साबणाची वडी संपत आली की शेवटी एक पातळ काप उरतो. मध्ये भोक पडलेला, वाटीच्या तळाशी इकडून तिकडे पळणारा. ब्रश कितीही घोळवला तरी त्याचा धड फेस होत नाही आणि टाकून द्यायला मनही होत नाही. मोहन्यातल्या आमच्या घरी असे काप एका पत्र्याच्या डबीत जमा व्हायचे. डबी भरली की एखाद्या रविवारी दुपारी अब्बा स्टोव्ह पेटवून बसत. अम्मी आतूनच सांगायची, “चहाच्या पातेल्याला हात लावू नका.” अब्बा त्यासाठी वेगळं, कान तुटलेलं पातेलं ठेवून होते.

वितळवलेला साबण ते एका स्टीलच्या वाटीत ओतत. तीन आठवड्यांनी त्यातून नवी वडी निघायची. थोडी वाकडी, पण कामाची. हे तंत्र अब्बा कुठं शिकले, याची एक गोष्ट आहे. ती सांगायची तर मोहन्याच्या बाजारातल्या एका केशकर्तनालयात जावं लागतं, आणि तिथून बरंच दूरही.

तेव्हाचं मोहने

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणच्या पुढे शहाड, त्यापुढे आंबिवली. आंबिवली स्टेशनातून बाहेर पडलं की उल्हास नदीच्या बाजूला मोहने. गावाची ओळख म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, लोकांच्या तोंडी एनआरसी. कंपनीमुळे गावात कोकणातली, घाटावरची, खानदेशातली, उत्तरेकडची आणि दक्षिणेतली माणसं आली. आमचे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून आले. आम्ही कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणी मराठी, मजहब शाफई.

बाजारातल्या केशकर्तनालयाचे मालक सोलापूरकडचे. सगळे त्यांना ‘खलिफा’ म्हणत, आम्ही मुलं ‘खलिफाचाचा’. मुसलमानांमध्ये न्हाव्याला आदराने खलिफा म्हणायची जुनी रीत आहे. या व्यवसायातले बरेच लोक स्वतःला सलमानी म्हणवतात आणि आपलं नातं हजरत सलमान फारसी यांच्याशी सांगतात. चाचा हनफी होते. दख्खनच्या मुसलमानांमध्ये हनफीच जास्त, आणि अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांमुळे कोकण किनाऱ्यावर शाफई. एरवी या फरकाची कुणाला आठवणही नसायची. नमाजमध्ये आमीन मोठ्याने की मनात, एवढाच काय तो फरक दिसायचा.

आम्हा पोरांना चाचा खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून तिच्यावर बसवत. समोर आरसा, बाजूला तुरटीचा खडा, वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा आणि एक मोठी पितळी वाटी. त्या वाटीत साबण. सगळ्या गिऱ्हाइकांना तोच साबण, तोच ब्रश.

१९८३

मी पाचवीत होतो. त्या वर्षी देशात चरबीचं प्रकरण गाजलं. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं उघड झालं आणि एकच गदारोळ उडाला. सरकारला चरबीच्या आयातीवर बंदी घालावी लागली. आमच्या चाळीत शेजारच्या काकूंनी तुपाचा अर्धा भरलेला डबा गटारात ओतलेला मला आठवतो. त्यांच्या घरी दोन दिवस सुतकासारखी शांतता होती.

हे सगळं हिंदू शेजाऱ्यांच्या घरी चाललेलं असताना अब्बांच्या डोक्यात वेगळाच विचार सुरू झाला. आयात केलेली चरबी फक्त तुपातच जात नव्हती, साबणातही जात होती. ती कुठल्या जनावराची? डुकराची असली तर? गाई-म्हशीची असली तरी ते जनावर जबिहा केलेलं कुठे होतं? शाफई फिकहप्रमाणे अशा जनावराची चरबी नापाकच. दाढीचा साबण चेहऱ्यावर लागतो, त्याचा अंश राहिला तर नमाजचं काय?

पुढच्या रविवारी अब्बा स्वतःचा साबण घेऊन दुकानात गेले. वनस्पती तेलाचा म्हणून शोधून आणलेली गोल वडी, वेगळी वाटी आणि नायलॉनचा ब्रश. ब्रशसुद्धा वेगळा, कारण दाढीच्या काही ब्रशांत डुकराचे केस वापरतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

चाचांनी वाटीकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं.

“काय हो भाईसाब, आमचा साबण नापाक हाय का?”

“तसं नाही खलिफा. शंका आली, एवढंच.”

“मी बी पाच वक्ताचा नमाजी हाय. ह्याच साबणानं माझी बी दाढी कोरतो.”

अब्बा काही बोलले नाहीत. चाचांनी त्यांच्याच साबणाने दाढी केली. वाटी वरच्या फळीवर वेगळी ठेवली आणि त्यावर खडूने फुली मारली. त्यानंतर अब्बा दर रविवारी जात राहिले, चाचा दाढी करत राहिले. पूर्वी मात्र दोघांच्या गप्पा संपता संपत नसत. आता दुकानात रेडिओचाच आवाज ऐकू यायचा. त्या वयात मला वाटे, भांडण एका वाटीवरून आहे. नंतर वाचन वाढलं तेव्हा कळलं की भांडण फार जुनं होतं आणि त्यात दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

चरबी आणि राख

साबण म्हणजे काय? कुठलंही तेल किंवा चरबी घ्यायची आणि तिला तीव्र क्षाराबरोबर शिजवायचं. दोघांची प्रक्रिया होते आणि दोन नवे पदार्थ तयार होतात, साबण आणि ग्लिसरीन. प्रक्रिया नीट पूर्ण झाली तर त्यात तेल उरत नाही आणि क्षारही उरत नाही.

रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘सापो’ नावाच्या पदार्थाची नोंद केली आहे. गॉल प्रांतातले लोक चरबी आणि राखेपासून तो बनवत, तेही अंग धुण्यासाठी नव्हे, तर केसांना लालसर रंग आणण्यासाठी. या सापोचाच अरबीत ‘साबून’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘सबाँव’. मराठीत ‘साबण’ अरबी-फारसीच्या वाटेने आला की वसई-गोव्याच्या पोर्तुगीज वाटेने, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

अंग धुण्याच्या घट्ट साबणाला मोठं केलं ते अरब जगाने. पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस आणि सीरियातलं हलब, म्हणजे अलेप्पो, ही त्याची नामांकित शहरं. तिथे चरबीची गरजच नव्हती, कारण जैतुनाचं तेल मुबलक होतं. वाळवंटी झुडपांची राख आणि चुना यांच्यापासून क्षार काढायचा, तेलात तो दिवसचे दिवस शिजवायचा, मग ते मिश्रण मोठ्या दालनाच्या जमिनीवर ओतायचं, थिजलं की वड्या कापायच्या, शिक्का मारायचा आणि वाळवायला रचायच्या. नाब्लुसमध्ये वड्यांचे पोकळ, उंच, निमुळते मनोरे रचतात, म्हणजे प्रत्येक वडीला वारा लागतो. हलबच्या साबणात लॉरेलचं तेलही असतं आणि तो कित्येक महिने वाळतो. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही शहरांच्या साबणकलेची मानवी वारसा म्हणून नोंद केली. रसायनशास्त्रातला ‘अल्कली’ हा शब्दही अरबी ‘अल-कली’वरून आला. कली म्हणजे त्या झुडपांची राख.

आपल्याकडे अंगाला उटणं, डाळीचं पीठ, केसांना रिठा-शिकेकाई, कपड्यांना राख किंवा सज्जीमाती, असा व्यवहार होता. न्हावी पाण्याने दाढी चोळून मऊ करायचा आणि वस्तरा फिरवायचा. पण साबण आपल्याला अगदीच अनोळखी होता असंही नाही. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. काच आणि साबण बनवायला लागणारा माल तिथे मिळतो आणि त्यावर सरकारला चांगला महसूल येतो, असं तो सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी सोड्यामुळे खारट-तुरट आहे. त्यातून निघणाऱ्या क्षारांना तिथे दल्ला, पापडी, भुस्की अशी नावं होती. उल्केच्या आघाताने पडलेल्या खड्ड्यातला क्षार मोगल काळात साबणासाठी ओळखला जात होता, हे वाचून मला फार मजा वाटली होती.

पुढे युरोपात दोन शोध लागले. १७९१ मध्ये निकोलस लब्लाँ याने साध्या मिठापासून सोडा बनवायची पद्धत काढली. राखेची गरज संपली. १८२३ मध्ये मिशेल शेव्हरूल याने चरबीच्या पोटात कोणकोणती आम्लं असतात ते दाखवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलंच एक स्टिअरिक आम्ल. ग्रीक भाषेत ‘स्टेअर’ म्हणजे घट्ट चरबी. दाढीच्या साबणाचा जीव या स्टिअरिक आम्लात आहे. अंगाच्या साबणात खोबरेल जास्त असलं की मोठमोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. दाढीला बुडबुडे नकोत, सायीसारखा दाट फेस हवा, जो पाच-दहा मिनिटं गालावर टिकेल. म्हणून दाढीच्या साबणात स्टिअरिक भरपूर घालतात आणि क्षारही दोन वापरतात. सोड्याने वडी घट्ट होते, पोटॅशने ती पाण्यात लवकर सुटते. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये जे. बी. विल्यम्स याने १८४० च्या सुमारास खास दाढीचा साबण विकायला सुरुवात केली, त्यानंतर हा वेगळा माल म्हणून रुळला.

हे स्टिअरिक आम्ल पाम तेलातून काढता येतं आणि जनावराच्या चरबीतूनही. कुठूनही आलं तरी रेणू एकच. अब्बांची आणि चाचांची अडचण नेमकी इथे होती.

चरबीची शंका सगळ्यांचीच

मुसलमानांना भलत्या शंका येतात, असं कुणी म्हणेल. पण या देशात चरबीवरून किती मोठा इतिहास घडला ते आठवावं. १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, या बातमीने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी बिथरले. मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला, त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी उठावाची ठिणगी पडली. तो उठाव केवळ चरबीमुळे झाला नाही. पण दोन्ही समाजांना एकाच वस्तूची, दोन वेगळ्या कारणांनी किळस यावी, हे त्या चरबीने करून दाखवलं.

पुढे १८८८ मध्ये लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण इंग्लंडहून कोलकात्याच्या बंदरात उतरला आणि बाटलीबंद तेलासारखा साबणही बाजाराची वस्तू झाला. युरोपातल्या साबणांत जनावरांची चरबी हा नेहमीचा कच्चा माल होता. त्यामुळे विलायती साबणाबद्दल इथल्या अनेक घरांत कुरकुर होती. या कुरकुरीचं उत्तर मुंबईत एका पारशी माणसाने शोधलं. कुलपं-तिजोऱ्या बनवणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवायला घेतला. १९१८ मध्ये कपड्यांचा ‘चावी’ साबण आला, १९२० मध्ये अंगाचा ‘नंबर २’ आणि त्यानंतर १९२२ मध्ये ‘नंबर १’. आधी दोन आणि मग एक का, तर लोकांना दोन नंबरचाच साबण इतका आवडला तर एक नंबरचा किती चांगला असेल, असं त्यांना वाटावं, अशी आठवण सांगतात. रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाची शिफारस केली. स्वदेशी आणि चरबीमुक्त, या दोन गोष्टींनी त्याला बाजार मिळवून दिला.

म्हणजे कारखानदाराने शंकेवर काढलेला मार्ग सरळ होता. ज्या वस्तूने वाद होतो ती वस्तूच वापरायची नाही. अब्बांनी वेगळी वडी आणली तेव्हा तेही याच वाटेने गेले होते.

मिठाच्या खाणीतलं गाढव

फकिहांनी मात्र दुसऱ्या वाटेने विचार केला. त्यांनी विचारलं, चरबीचा साबण झाल्यावर ती चरबी राहते का?

फिकहमध्ये याला ‘इस्तिहाला’ म्हणतात, म्हणजे एका वस्तूचं दुसऱ्या वस्तूत मुळापासून रूपांतर. हनफी ग्रंथांत याचं एक गमतीदार उदाहरण येतं. मिठाच्या खाणीत गाढव किंवा डुक्कर पडलं आणि काळ लोटून त्याचं मीठ झालं, तर ते मीठ पाक की नापाक? इमाम मुहंमद यांचं मत असं की ते पाक, कारण आता तिथे गाढव नाहीच, मीठ आहे. हुकूम वस्तूला लागतो. वस्तूच उरली नाही तर हुकूमही उरत नाही. हाच न्याय साबणाला लावला गेला. सतराव्या शतकातले दमास्कसचे अल-हस्कफी सांगतात की नापाक झालेल्या तेलाचा साबण केला तर तो पाक होतो आणि फतवा याच मतावर दिला जातो. कारणही ते देतात, ‘बल्वा’. म्हणजे अशी गोष्ट, जी सर्वांच्या वापरात असते आणि टाळणं लोकांना जड जातं. एकोणिसाव्या शतकात दमास्कसच्याच इब्न आबिदीन यांनी यावर सविस्तर लिहिलं. साबणाच्या प्रदेशात राहणाऱ्या विद्वानांनी साबणाचा प्रश्न इतक्या बारकाईने सोडवावा, हे स्वाभाविक होतं.

शाफई मजहबने हा दरवाजा अरुंद ठेवला. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पाक, जनावराचं कातडं कमावलं तर ते पाक, त्यातही कुत्र्या-डुकराचं नाही. यापलीकडे मूळ नापाक वस्तूचं रूप बदललं तरी ती नापाकच. त्यांचाही विचार पोकळ नव्हता. रूप बदललं म्हणून मूळ विसरायचं का, हा त्यांचा सवाल होता.

आता दुकानातला तो प्रसंग पाहा. सोलापूरचे हनफी चाचा म्हणत होते, माझा साबण नापाक नाही. रत्नागिरीचे शाफई अब्बा म्हणत होते, मला शंका आहे. दोघांच्या मागे शेकडो वर्षांची दोन पुस्तकं उभी होती आणि दोघांनाही त्याची पुरती कल्पना नव्हती. १९९५ मध्ये कुवेतला फकीह आणि डॉक्टरांची एक परिषद झाली. तिने इस्तिहाला मान्य करून चरबीपासून बनलेला साबण पाक ठरवला. पण हे सगळं बारा वर्षांनंतरचं. १९८३ च्या मोहन्यात एक वाटी होती आणि तिच्यावर खडूची फुली होती.

कंपनीतही तेच

कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना मला आणखी एक गोष्ट कळली. ज्या सोड्याने चरबीचा साबण होतो, तोच कॉस्टिक सोडा आमच्या गावच्या कंपनीत लाकडाच्या लगद्यावर वापरला जात होता.

रेयॉनची व्हिस्कोस पद्धत ब्रिटनमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ मध्ये शोधली. लाकडाच्या लगद्याचे जाड कागद कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, मग कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची आणि पुन्हा पातळ सोड्यात विरघळवायचं. मधासारखा दाट, पिवळसर द्रव होतो. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडीत सोडला की धागा तयार. लाकडाचं रेशीम झालं, असं लोक म्हणत. पण शास्त्र सांगतं की लाकडाच्या लगद्यात जे सेल्युलोज होतं तेच धाग्यात परत आलं. मधल्या काळात ते बदललं, विरघळलं, शेवटी मात्र पुन्हा सेल्युलोजच. फक्त आकार नवा.

म्हणजे बदल तीन तऱ्हेचा असतो. साबणाचे काप वितळवून नवी वडी केली तर फक्त आकार बदलतो. साबण साबणच राहतो. लगद्याचा धागा होताना पदार्थ लांबचा फेरा मारून स्वतःकडेच परत येतो. चरबीचा साबण होताना मात्र जुनी वस्तू परत येत नाही. साबण कितीही वितळवला तरी त्यातून पुन्हा चरबीचा गोळा निघत नाही. हनफी फकिहांनी प्रयोगशाळेशिवाय नेमका हाच फरक ओळखला होता. वितळलेलं लोणी लोणीच, मीठ झालेलं गाढव मात्र मीठ.

फुलीची वाटी

आता राहिलेली गोष्ट. त्या वर्षीच्या रविवारांतून अब्बांच्या दोन-तीन वड्या झिजल्या. दर वेळी उरलेला काप चाचा बाजूला काढून ठेवत, हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या रमजान ईदच्या आदल्या संध्याकाळी, चाँदरातीला, दुकानात मोठी गर्दी होती. अब्बांची पाळी आली तेव्हा चाचांनी फुलीची वाटी खाली काढली. तिच्यात साबणाची नवी वडी होती. वाटीच्याच आकाराची, कडेला बोटांचे ठसे असलेली.

“तुमच्याच तुकड्यांची हाय भाईसाब. फेकवंना. वितळवून घातली.”

मी फळीवर बसून आरशात अब्बांचा चेहरा पाहत होतो. कुणी सांगावं, त्यात दुकानातल्या साबणाचेही काप पडले असतील. गर्दीच्या दुकानात कोण कुणाचा तुकडा वेगळा ठेवतो? अब्बांनाही ते सुचलं असणार, ते शंकेखोरच होते. त्यांनी वाटी हातात घेतली, वडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कशी केलीत ते मला पण दाखवा खलिफा.”

चाचांनी दाढी करता करता सगळी रीत सांगितली. तीच इथे देतो, कुणाला करायची असेल तर.

साबणाचे काप किसणीवर बारीक किसावेत. सुमारे १०० ग्रॅम किसाला दोन-तीन मोठे चमचे पाणी पुरतं. थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात लहान पातेलं ठेवावं. दाढीचा साबण मेणासारखा वितळत नाही. तो हळूहळू मऊ पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने दाट खळीसारखा होतो. उकळी येऊ देऊ नये, नाहीतर फेस होऊन उतू जातो. याच कारणाने जोरात ढवळूही नये. हवं तर ग्लिसरीनचे चार थेंब घालावेत. वाटीत भरून वाटी ओट्यावर चार वेळा आपटावी म्हणजे हवा निघून जाते. मग दोन-तीन आठवडे वाऱ्यावर ठेवावी. घाईने वापरली तर वडी लिबलिबीत राहते आणि लवकर झिजते. अंगाचा साबण त्यात मिसळू नये. एकदा अब्बांनी मिसळला होता. फेस गालावर लावेपर्यंत बसून जायचा.

त्या ईदनंतर दुकानातल्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. अब्बा आपला साबण नेतच राहिले, चाचा त्याच साबणाने त्यांची दाढी करत राहिले. दोघांनीही आपलं मत सोडलं नाही. फुली मात्र पुसली गेली होती आणि ती कुणी पुन्हा काढली नाही.

एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. त्याच्या आधीच अब्बा निवृत्त झाले होते आणि चाचाही दुकान मुलाकडे सोपवून गावी गेले होते. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची दाढी मी करायचो, त्यांच्याच डबीतल्या कापांची वडी करून. एकदा साबण लावताना मी विचारलं, “अब्बा, त्या दिवशी चाचांना विचारलं का नाही, की यात फक्त आपलेच तुकडे आहेत का?”

फेसामुळे त्यांना ओठ फार हलवता येत नव्हते. थांबून थांबून म्हणाले, “विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. मग त्याच्या हो वर विश्वास ठेवायचा की नाही, ते तरी माझ्यावरच होतं ना? मग आधीच ठेवला.”

शाफई फिकहमध्ये शंकेबद्दल एक कायदा आहे आणि तो सगळ्याच मजहबांना मान्य आहे. खात्रीची गोष्ट शंकेने रद्द होत नाही. अब्बांना खात्री साबणाची नव्हती, खलिफाची होती.

आता साबणाच्या वेष्टनावर सगळं छापलेलं असतं. ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलं असेल तर जनावराची चरबी, ‘पामेट’ म्हणजे पाम तेल, ‘कोकोएट’ म्हणजे खोबरेल. ज्याला शंका आहे त्याने वाचून घ्यावं, ते सोपं झालंय. मी वाचतो. आणि काप उरला की पत्र्याच्या त्याच डबीत टाकतो. ती आता अर्ध्याहून जास्त भरली आहे.